ठोकमास्तर आणि बिनटपाची डबी

ठोकमास्तरांना सगळे मास्तर म्हणत असले तरी त्यांनी उभ्या जन्मात कोणाला दोन अक्षरं शिकवली नव्हती. त्यांनी चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकले. आपटलेली, चेपलेली, कोणाच्या तरी भिंतीशी भांडून आलेली गाडी पुढ्यात उभी राहिली की मास्तर आधी तिच्याभोवती एक चक्कर मारत, मग वाकून पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावून ऐकत. पत्रा कुठे ताणलाय, कुठे आत दबलाय, कुठे नुसताच रुसलाय, हे त्यांना आवाजावरून कळे. एकदा एक डॉक्टर आपली गाडी घेऊन आले होते. ते हसून म्हणाले, मीही दिवसभर हेच करतो, फक्त माझा पेशंट बोलतो. मास्तर म्हणाले, माझा बोलत नाही, म्हणून खोटंही बोलत नाही. डॉक्टरांनी ते वाक्य पुढे अनेक ठिकाणी स्वतःचं म्हणून सांगितलं असं ऐकिवात आहे.

मास्तरांच्या दुकानात टेप नव्हता. म्हणजे होता, पण तो खिडकीची एक काच खडखडू नये म्हणून फटीत खोचलेला होता. त्यांचा भरवसा डोळ्यावर. अमुक इतकं कमी, तमुक इतकं जास्त, हे ते एक डोळा मिटून सांगत आणि शंभरात नव्व्याण्णव वेळा ते बरोबर निघे. उरलेल्या एका वेळेबद्दल ते बोलत नसत.

दुकान पुढे आणि घर मागे. घरात मास्तर आणि त्यांची बायको. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. बायकोला गल्लीत ऑपरेटरबाई म्हणत, कारण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने एकतीस वर्षं नोकरी केली होती. गोड गळ्याची, हजरजबाबी बाई. कोणीही कुठूनही हाक मारली तरी ओ दिल्याशिवाय तिला राहवत नसे. रस्त्यात दुसऱ्याच कोणाला मारलेल्या हाकेलाही ती वळून उत्तर देई. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मात्र तिच्या बाबतीत एक गोष्ट घडली. एक्स्चेंजची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली आणि ती आत एकटी पाच तास अडकली. दार आतून ओढत राहिली, ते काही उघडलं नाही. बाहेर आली तेव्हा नखं तुटली होती. तेव्हापासून बंद जागा म्हटलं की तिचा श्वास कोंडे.

आता तुम्ही म्हणाल, लिफ्ट टाळली की झालं. पण बंद जागा किती असतात ते टाळायला लागल्यावर कळतं. न्हाणीघराचं दार ती कधी लावत नसे. दार किलकिलं ठेवून मोठ्याने गाणं म्हणे, आणि गाणं चालू असेपर्यंत त्या बाजूला फिरकायचं नाही हा घरातला कायदा होता. पाहुणा आला की त्याला चहाच्याही आधी हा कायदा सांगावा लागे. एकदा तिला मध्येच पुढचं कडवं आठवेना, तेव्हा मास्तरांनी दुकानातून ओरडून आठवण करून दिली. सिनेमाला गेली तर कडेची खुर्ची, दाराजवळची, आणि मध्यंतरानंतर बाहेर. बहुतेक सगळ्या सिनेमांचे शेवट तिने मास्तरांकडून ऐकले होते. मास्तर ते सगळे गोड करून सांगत. कितीतरी मेलेली माणसं तिच्या लेखी अजून सुखाने नांदत होती.

आणि गाडी? गाड्या ठोकणाऱ्याची बायको कधी गाडीत बसली नव्हती, हे कोणाला खरं वाटत नसे. पण स्कूटर होती ना. स्कूटरवर मागे बसून ती कुठेही यायला तयार. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या गावात तिची थोरली बहीण राहायची. महिन्यातून एकदा नवराबायको स्कूटरवरून ताईकडे जात. आईच्या मागे ताईनेच तिला वाढवलेलं. वेणी घालायला ताई, नोकरीचा अर्ज लिहायला ताई, लिफ्टमधून बाहेर आल्यावर आठ दिवस उशाशी बसायलाही ताईच.

चार वर्षांपूर्वी मास्तर पडले. स्कूटरवरून नाही, दुकानातला बल्ब बदलताना स्टुलावरून. मांडीत सळई बसली आणि डॉक्टरांनी दुचाकीला कायमची बंदी घातली. तिथून ताईकडे जाणं खुंटलं. ऑपरेटरबाई एकदा हिय्या करून बसमध्ये चढली, दुसऱ्या थांब्याला उतरली आणि चालत घरी आली. ताईला फोनवर सांगितलं, ताप आला होता. ताईचे गुडघे गेलेले, ती घराच्या फाटकापलीकडे जात नसे. मग दर रविवारी फोन. चार वर्षं नुसता फोन.

त्या रविवारी फोन लवकर संपला. मास्तर आत आले तर बायको मटार सोलत बसलेली. बराच वेळ त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा ते खाली बसले. ती दाणे कचऱ्याच्या टोपलीत टाकत होती आणि सालं पातेल्यात.

हळूहळू कळलं ते असं की ताईचा मुलगा ताईला आपल्याकडे नेणार होता. कायमचं, समुद्रापलीकडे. सहा आठवड्यांनी विमान. ताई म्हणाली होती, तू नको गं येऊस, त्रास होईल तुला, मी तिकडूनही फोन करीनच. ऑपरेटरबाई म्हणाली, एकतीस वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले, पण फोन म्हणजे भेट नव्हे एवढं मला कळतं.

मास्तरांनी टोपलीतले दाणे वेचून काढले, धुतले आणि दुकानात जाऊन डबीपुढे उभे राहिले.

डबी म्हणजे त्यांची स्वतःची गाडी. दोन दारांची, गोल पाठीची, जुन्या काळची बुटकी गाडी. हे नाव बायकोनेच ठेवलेलं. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी ती लॉरीखाली घातली होती आणि तिचा टप, म्हणजे वरचं छत, असा बसला होता की जणू कोणी टोपीवर बसून उठलंय. भंगारात जाणारी ती गाडी मास्तरांनी मागून घेतली आणि फावल्या वेळात दीड वर्ष टप ठोकत राहिले. बोटभर पुट्टी नाही, कुठे जोड नाही. दुकानात कोणी नवा कारागीर आला की मास्तर त्याला त्या टपावरून तळहात फिरवायला लावत आणि विचारत, कुठे लागतंय काही? कोणाला कधी काही लागलं नव्हतं. मास्तरांकडे कसलं सर्टिफिकेट नव्हतं; होता तो हा टप.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यांनी विषय काढला.

"टप कापतो म्हणतो."

"कशाचा?"

"डबीचा. वर काही राहणार नाही. स्कूटरसारखंच, फक्त चार चाकं."

त्या टपाची किंमत तिच्याइतकी कोणाला ठाऊक होती? दीड वर्ष त्याच्या ठकठकीत तिने लेक निजवली होती.

"आणि तरी मला बसवलं नाही तर?"

"मग डबी दारात उभी करू. तिच्यात कुंड्या लाव तू."

"हे काय बोलणं झालं, अहो."

"मी बोललो ते झालं," असं म्हणून मास्तरांनी ताट उचललं.

गाडीचं अंग बदलायचं तर वाहन कचेरीची परवानगी लागते. मास्तरांनी स्वतः चित्र काढून नेलं. कारकुनाने ते उभं धरलं, आडवं धरलं आणि विचारलं, हा बूट आहे का? तेवढ्यात तपासणीसाहेब आले. त्यांच्या वडिलांची गाडी मास्तरांनी कधीकाळी सरळ केली होती. त्यांनी चित्र बाजूला ठेवून नुसतं विचारलं, काय करायचंय, आणि लेखी दिलं की काम करा, झाल्यावर मला दाखवा, मजबूत नसेल तर रस्त्यावर येऊ देणार नाही.

मजबुती हाच खरा कळीचा मुद्दा. बघणाऱ्याला वाटतं टप म्हणजे गाडीची छत्री. कापली की उन्हात बसलो, एवढंच. तसं नसतं. मास्तरांनी हे आपल्या दोस्ताला बुटाचं खोकं घेऊन समजावलं. दोस्त म्हणजे शेजारचा कुशनवाला, गाड्यांच्या गाद्या शिवणारा, जिभेला टाचणी लावून फिरणारा माणूस. झाकण चिकटवलेलं खोकं दोन टोकांना धरलं तर ताठ राहतं. झाकण काढलं की मध्ये पोट सोडतं. गाडीने पोट सोडलं की दाराची चौकट वाकडी होते आणि दार चेंगरतं. म्हणून कापण्याआधी दाराखालच्या उंबऱ्यात जाड चौकोनी नळ्या जोडायच्या, सीटच्या मागे आडवा दांडा घालायचा, आणि हे सगळं सीटवर माणसाइतकं वजन ठेवून करायचं. रिकाम्या गाडीवर बेतलेली फट माणूस बसल्यावर तशी राहत नाही.

वजन म्हणजे वाळूची पोती. आपल्या बाजूला मास्तरांनी अडुसष्ट किलो ठेवली; तो आकडा इस्पितळाने दिला होता. बायकोच्या बाजूला किती? तिला विचारायची सोय नव्हती. दवाखान्यात वजनाच्या काट्यावर चढताना ती मास्तरांना बाहेर उभं करायची, आणि तो आकडा जाणून असणारं माणूस या जगात तिच्याखेरीज फक्त ती नर्स होती. मास्तरांनी पाकीट काढलं. आतल्या कप्प्यात एक जाड पुठ्ठ्याचं तिकीट होतं, स्टेशनवरच्या नाणं टाकायच्या काट्याचं, कडा पार झिजलेल्या. त्यावर आकडा होता सेहेचाळीस.

"हे कधीचं?" कुशनवाल्याने विचारलं.

"लग्नानंतरच्या महिन्यातलं. फिरायला गेलो होतो तेव्हाचं."

"मास्तर, लेक झाली, लेकीचं लग्न झालं."

"म्हणून तर चार किलो वाढवून धरतोय. पन्नास."

"वहिनी अजून तेवढ्याच आहेत असं तुमचं म्हणणं?"

"मला तर तेवढीच दिसते," मास्तर म्हणाले.

शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर निघणारा डोळा हे सांगत होता, आणि त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. कुशनवाल्याने पन्नास किलोचं पोतं तोललं.

कापायच्या दिवशी बायको बाजारात गेली, मुद्दामच. मास्तरांनी टपावरून पुढून मागे आणि मागून पुढे तळहात फिरवला. कुठे काही लागलं नाही. मग मशीन सुरू केलं. टपाचे खांब एकेक करून सुटले आणि चौघांनी टप उचलून भिंतीशी ठेवला. कुशनवाल्याने विचारलं, बरं वाटत नाही का? मास्तर म्हणाले, डोळ्यात पत्र्याचा कीस गेला. चष्मा तर त्यांनी सकाळपासून काढला नव्हता. पुढे तो टप कुशनवाल्याच्या कोंबड्यांच्या डोक्यावर गेला, आणि एवढ्या निर्दोष छपराखाली राहणाऱ्या कोंबड्या दुसरीकडे कुठे नसतील.

चार आठवडे काम चाललं. उंबरे जाड झाले, मागची सीट गेली, कापलेल्या कडा मास्तरांनी गोल वळवून घेतल्या, कुशनवाल्याने गाद्या शिवल्या आणि पावसापुरता दुमडून ठेवायचा कापडी हूड केला. दारांच्या फटी तर मास्तरांनी अशा जुळवल्या की पोस्टकार्ड सरकेल पण जाड पाकीट अडेल. ताईच्या विमानाला बारा दिवस राहिले असताना त्यांनी डबी गल्लीत आणली.

ऑपरेटरबाईने तिला तीन प्रदक्षिणा घातल्या. आधी दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर ठेवून बसली. मग दुसरा पाय आत घेतला. मास्तर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले; तिच्याकडे बघितलं तर ती उठेल असं त्यांना वाटत होतं. तिने दार ओढलं. खटका बसला. मास्तरांनी गाडी कोपऱ्यापर्यंत नेली, वळवून आणली, थांबवली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला नव्हता. मास्तरांनी उतरून सळईचा पाय ओढत पलीकडे जाऊन तिचं दार उघडायला दाराची बाहेरची मूठ धरली.

दार उघडलं नाही.

त्यांनी हिसका दिला. मग पाय रोवून ओढलं. मग बोटाच्या पेराने टकटक केली आणि आवाज ऐकताच त्यांना सगळं कळून चुकलं. तिच्या बाजूच्या उंबऱ्याने केसभर पोट सोडलं होतं, आणि पोस्टकार्डाच्या फटीत केसभर म्हणजे डोंगर.

"काही नाही, खटका नवा आहे, बसेल हळूहळू," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज त्यांच्या ताब्यात नव्हता, आणि आवाज ओळखण्यात बायकोचा जन्म गेला होता. तिने आतली मूठ घट्ट पकडली. तिची नजर त्या मुठीवरून हलेना. माझ्या बाजूने ये, ते दार उघडं आहे, असं मास्तर तीन वेळा म्हणाले. ते तिला ऐकूच गेलं नाही. ओठ पांढरे पडले होते. तोंडातल्या तोंडात ती न्हाणीघरातलं गाणं म्हणायला लागली होती. मास्तरांनी ते गाणं हजारदा ऐकलं होतं, पण इतकं हळू कधी नाही. चार आठवडे, तो टप, आणि शेवटी आपण हिला पुन्हा त्याच लिफ्टमध्ये नेऊन बसवलं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते दार ओढत राहिले.

वरच्या मजल्यावर एक शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिने खाली डोकावून विचारलं, "काय हो बाई, अडकलात का?"

हाक आली की ओ द्यायची. ती सवय भीतीपेक्षा जुनी होती म्हणा किंवा खोल होती म्हणा. ऑपरेटरबाईने वर पाहिलं. वर शेजारीण होती, तिच्या हातात ओली चादर होती, आणि चादरीच्या वर आभाळच आभाळ.

"नाही हो," ती म्हणाली, "बसलेय."

तिने मूठ सोडली. आणि सीटवर पाय ठेवून ती सरळ उभी राहिली. मास्तर अजून खाली दाराशी झटत होते.

"अहो."

"थांब, थांब, होतंय."

"अहो, दार सोडा. मी उभी राहिलेय."

मास्तरांनी मान वर केली. त्यांची बायको गल्लीच्या वर तरंगल्यासारखी उभी होती आणि इकडेतिकडे बघत होती, जणू ही गल्ली तिने पहिल्यांदाच पाहिली. कुशनवाल्याने स्टूल आणून लावलं आणि ती दारावरून पाय टाकून राणीसारखी खाली उतरली.

उतरल्यावर मात्र चौकशी सुरू झाली. एकतीस वर्षं तक्रारी ऐकलेली बाई. ती अशी सोडते थोडीच. दार का चेंगरलं? कुशनवाल्याला अचानक गाडीच्या मागच्या चाकात फार रस वाटू लागला. मास्तर म्हणाले, वजनाचा अंदाज जरा चुकला.

"कोणाच्या?"

मास्तर पत्र्यावर टकटक करू लागले.

"किती धरलंत मला?"

"पन्नास."

तिने हात पुढे केला. मास्तरांनी पाकीट काढून तिकीट दिलं. तिने ते लांब धरून वाचलं, उलटं करून वाचलं; मागच्या बाजूला नशीब छापलेलं होतं, ते पुसून गेलं होतं. मग ती हसायला लागली. इतकी हसली की वरच्या शेजारणीनेही चादर तशीच धरून हसायला सुरुवात केली, काही न कळता.

"एकाहत्तर," ऑपरेटरबाई म्हणाली. फोनवर नंबर सांगावा तसं, स्पष्ट, दोनदा. "एकाहत्तर. लिहून घ्या."

जो आकडा चाळीस वर्षं नवऱ्याला ठाऊक नव्हता तो एका मिनिटात सगळ्या गल्लीला कळला.

मास्तर म्हणाले, दोन दिवस दे, उंबरा आणखी जाड करतो, फट वाढवतो, दार लोण्यासारखं उघडेल. तिने मान हलवली.

"दारं बंदच करून टाका. कायमची."

"अगं, बंद दार म्हटलं की तुझा—"

"बंद दाराची भीती नाही हो मला. उघडेल की नाही, या विचाराची आहे. जे उघडणारच नाही हे ठाऊक आहे, त्याच्याकडे मी कशाला बघू? मी वर बघेन."

चाळीस वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. कदाचित तिलाही त्या सीटवर उभं राहीपर्यंत ठाऊक नसावं. मास्तरांनी दाराकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं, एक डोळा मिटला. दार चौकटीला पक्कं जोडलं की ते दार राहत नाही, भिंत होते. आणि भिंत पोट सोडत नाही. चार आठवडे ज्या ताकदीसाठी त्यांनी नळ्यांवर नळ्या चढवल्या, ती बायकोने एका वाक्यात देऊन टाकली होती.

कुशनवाला म्हणाला, मास्तर, चाळीस वर्षं दुकान चुकीच्या माणसाच्या हातात होतं.

या वेळी मास्तरांनी डोळ्यावर भरवसा ठेवला नाही. बायकोला सीटवर बसवलं, उंबऱ्याच्या खाली टेकू देऊन फट सारखी करून घेतली, खडूने खुणा केल्या. मग ती उतरली आणि तिच्या जागी वाळूची पोती आली, खुणा जुळेपर्यंत. पोती तोलली तर बरोबर एकाहत्तर. खिडकीतला टेपही निघाला; काच खडखडू लागली, पण मोजून पाहिलं. मग वेल्डिंग. जोड घासून असा गुळगुळीत केला की इथे कधी दार होतं हे सांगावं लागावं. दाराची वरची कड एका जागी खोलगट करून घेतली, बाहेर पाय ठेवायला पट्टी आणि धरायला कडी. स्वतः मास्तरांनाही आता सळईचा पाय उचलून वरूनच चढायचं होतं. त्यांनी दोन दिवस दुकानात त्याची तालीम केली आणि त्या वेळी कोणाला आत येऊ दिलं नाही.

तपासणीसाहेबांनी डबीखाली वाकून पाहिलं, चारी कोपऱ्यांवर उभं राहून तिला हलवून पाहिलं, चालवून आणली आणि म्हणाले, गाडी आधीपेक्षा पक्की आहे. फक्त उतरायला माणूस तब्येतीने बरा पाहिजे. ऑपरेटरबाई म्हणाली, तब्येत एकाहत्तर आहे, साहेब. साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांनी सही केली.

विमानाला चार दिवस उरले होते. सकाळी लवकर निघाले. ठरलं होतं असं की ती म्हणेल तिथे थांबायचं. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये ती सहा वेळा म्हणाली. मास्तर दर वेळी गाडी कडेला घेत आणि काही न विचारता झाडं बघत. ती उभी राही, लांबवर नजर टाके आणि पुन्हा बसे. पुढच्या दहामध्ये दोनदाच थांबले. अर्ध्या वाटेला घाट लागला तेव्हा मास्तरांनी विचारलं, थांबू का? ती म्हणाली, कशाला? तिच्याजवळ ताईसाठी विणलेला लोकरी कोट होता, परदेशच्या थंडीसाठी. वाऱ्याने तो उडू नये म्हणून तिने तो स्वतःच घातला होता. मास्तरांना तिच्याकडे वळून बघायचं होतं, पण घाट होता. ते रस्त्याकडे बघत राहिले आणि ती मोकळ्या गळ्याने गात राहिली.

ताई फाटकात खुर्ची टाकून बसली होती. गाडीचा आवाज ऐकून ती काठी टेकत उभी राहिली. ऑपरेटरबाई दारावरून उतरायचं विसरली. सीटवर उभी राहून तिने वरूनच ताईचे दोन्ही हात धरले. मग ताई म्हणाली, तो कोट माझा आहे ना, मग तू का घातलास? आणि दोघी रडायला लागल्या.

चहा झाला, मास्तरांचा आणि ताईच्या मुलाचा. बहिणींचा गार झाला. ताईच्या डोक्यात वेगळंच होतं. तिला डबीत बसायचं होतं. पण दारावरून पाय टाकणं तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं, आणि उघडायला दार नव्हतं. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्याचा विचार केला होता, पण ताईच्या गुडघ्यांचा नाही. ते डबीभोवती चक्कर मारू लागले. ताईच त्यांना म्हणाली, "भावोजी, तुम्ही वर काही ठेवलंच नाही, तर मला वरून सोडा की."

म्हणून मास्तर आणि ताईचा मुलगा, दोघांनी दोन बाजूंनी तिला खुर्चीसकट उचललं, शेजारचे एक गृहस्थ मध्ये हात लावायला आले, आणि ताईला खुर्चीतून उचलून, कुंडीत रोप ठेवावं तितक्या अलगद डबीच्या सीटवर उतरवलं. ऑपरेटरबाई पलीकडून चढून स्टिअरिंगमागे मास्तरांच्या जागेवर बसली. कोट आता ताईच्या अंगात होता. मास्तरांनी सवयीने जोडाकडे पाहिलं. जोड होता तसा होता.

डबी फाटकापाशी जागच्या जागी उभी. आतून चार वर्षांचं बोलणं वाहत होतं, कधी दोघींचं एकाच वेळी, कधी कोणाचंच नाही. मास्तर पायरीवर बसले. मुलाने त्यांना घरातलं बांधून ठेवलेलं सामान दाखवलं. मास्तर पुन्हा पायरीवर बसले. सावल्या लांबल्या तेव्हा ते उठून गाडीशी गेले आणि म्हणाले, अंधाराच्या आत घाट उतरायचा तर आता निघायला हवं.

ऑपरेटरबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"तुम्ही असं करा," ती म्हणाली, "गावातून एक चक्कर मारून या. पायांना बरं असतं."

मास्तर निघाले. कोपऱ्यावर वळताना त्यांनी मागे पाहिलं. डबीत दोन पांढरी डोकी एकमेकींना टेकली होती. पायांना बरं असतं हे खरंच होतं. मास्तरांनी लांबचा रस्ता घेतला.